ऐकणारा कान आणि लिहिणारा हात : सेत्स्वाना भाषेच्या ध्वनींचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. धडा शिकवण्यापूर्वी ते तो आमच्याकडून मोठ्याने वाचून घेत आणि स्वतः डोळे मिटून ऐकत. आम्हां मुलांना वाटे, गुरुजींना डुलकी लागली. पण कोणी ‘ळ’चा ‘ल’ केला की डोळे न उघडताच त्यांचे बोट वर होई. भाषा आधी कानात असते, मग वहीत येते, हा धडा त्यांनी न सांगता दिला. म्हणून आजच्या विषयाने आपण थोडे चकित व्हाल, पण गुरुजी झाले नसते, असे मला वाटते.

मी आज दक्षिण आफ्रिकेतील सेत्स्वाना या बांतू भाषेच्या ध्वनींविषयी आणि ते ध्वनी कागदावर उतरवण्याच्या शंभर वर्षांच्या खटपटीविषयी बोलणार आहे. मी मराठीचा अध्यापक. आफ्रिकी भाषांचा तज्ज्ञ असल्याचा दावा मी करीत नाही. परंतु निवृत्तीनंतरच्या वाचनात या इतिहासाने मला माझ्याच भाषेकडे आणि माझ्याच अध्यापनाकडे पुन्हा पाहायला लावले. ते आपणापुढे मांडावे, एवढाच हेतू.

१. एका शब्दाचे गोत्र

आफ्रिका खंडाच्या मध्य, पूर्व व दक्षिण भागांत पसरलेल्या सुमारे पाचशे भाषांच्या कुळाला ‘बांतू’ हे नाव आहे. ते विल्हेल्म ब्लेक या जर्मन पंडिताच्या लेखनातून रूढ झाले. दक्षिण आफ्रिकेतील भाषांच्या त्याच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला भाग १८६२ साली प्रसिद्ध झाला. या भाषांतून ‘माणसे’ या अर्थाचा शब्द ‘बा’ हा अनेकवचनी उपसर्ग आणि ‘न्तू’ हा धातुरूप अंश यांनी बनतो, हे त्याने हेरले होते. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने हाच शब्द माणसांना खालच्या पायरीवर बसवण्यासाठी वापरला. १९५३ च्या ‘बांतू शिक्षण कायद्या’ने काळ्या मुलांसाठी दुय्यम शिक्षणाची वेगळी व्यवस्था केली. त्यामुळे माणसांना उद्देशून हा शब्द तिथे आज अप्रिय आहे. भाषाकुळाचे नाव म्हणून तो शास्त्रात टिकून आहे, आणि मी तो तेवढ्याच अर्थाने वापरतो.

हा ‘माणूस’ भाषाभाषांतून कसा बदलला ते पाहा. झुलूत तो ‘उमुंतू’ आहे, शोनात ‘मुन्हू’, स्वाहिलीत ‘म्तू’ आणि सेत्स्वानात ‘मोथो’. त्याचे अनेकवचन ‘बाथो’. झुलूतल्या ‘न्त’च्या जागी सेत्स्वानात ‘थ’ येतो. अनुनासिक लोपले, पण जाताना मागे श्वास ठेवून गेले, म्हणून ‘त’ महाप्राण झाला. आपल्याकडे ‘हस्त’चा प्राकृतात ‘हत्थ’ झाला आणि मराठीत ‘हात’ झाला. ‘दन्त’मधले अनुनासिक गेले आणि ‘दात’मधला स्वर दीर्घ झाला. काही हरवले की शेजारचा ध्वनी त्याची भरपाई करतो, हा न्याय गोदावरीकाठी चालतो आणि लिंपोपोकाठीही चालतो. १८९९ साली कार्ल माइनहोफ याने बांतू भाषांच्या ध्वनिविचाराचा ग्रंथ लिहून अशा परिवर्तनांचे नियम बांधले, तेव्हा या भाषा ‘रानटी आणि बेशिस्त’ असल्याचा समज निदान विद्वानांच्या वर्तुळात तरी टिकणे अवघड झाले.

संधीचे नियम तर आपल्याला घरचेच वाटावेत. सेत्स्वानात ‘बोना’ म्हणजे पाहणे. ‘मला’ या अर्थाचा अनुनासिक त्याला जोडला की ‘म्पोना’ होते, ‘ब’चा ‘प’ होतो. ‘रता’ म्हणजे प्रेम करणे. ‘मला’ जोडताच ‘न्थता’ होते. हे नियम बोलणाऱ्यांच्या जिभेवर कोणत्याही व्याकरणकाराच्या आधीपासून होते.

२. मोरिमो, मोलिमो, मोदिमो

सेत्स्वाना प्रथम विस्ताराने लिहिली ती मिशनऱ्यांनी. रॉबर्ट मॉफट याने कुरुमान येथे राहून १८३० साली लूकचे शुभवर्तमान या भाषेत छापवले. १८४० मध्ये नवा करार आला आणि १८५७ मध्ये संपूर्ण बायबल पुरे झाले. या कामाचे मोल मोठे आहे आणि ते नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. आपल्या मराठीलाही विल्यम केरी आणि मोल्सवर्थ यांचे ऋण आहेच. परंतु मॉफटचा कान स्कॉटलंडचा होता. त्याला जे ऐकू आले ते त्याने लिहिले.

या साऱ्या प्रकरणाचा सारांश एका शब्दात सापडतो. तो शब्द म्हणजे ‘देव’. मॉफटच्या काळच्या सेत्स्वाना लेखनात तो ‘मोरिमो’ असा आढळतो. शेजारच्या लेसोथोत, सेत्स्वानाची सख्खी बहीण असलेल्या सोथो भाषेत, तो आजही ‘मोलिमो’ असा लिहिला जातो. दक्षिण आफ्रिकेत सोथो आणि सेत्स्वाना या दोन्ही भाषांत तो आता ‘मोदिमो’ लिहितात. एकाच शब्दात कोणाला ‘र’ ऐकू आला, कोणाला ‘ल’, कोणाला ‘द’. चूक कोणाची? खरे म्हणजे कोणाचीच नाही. या भाषांत ‘ल’ हा ध्वनी ‘इ’ आणि ‘उ’ या स्वरांपूर्वी आला की जीभ वेगळी आपटते आणि ‘ड’-‘द’च्या जवळचा ध्वनी उमटतो. इतर स्वरांपूर्वी ‘ल’ ‘ल’च राहतो. बोलणाऱ्याच्या मनात हे दोन ध्वनी नसतात, एकच असतो. ऐकणारा परका मात्र आपल्या मातृभाषेच्या चाळणीतून ऐकतो.

गंमत अशी की, सोथो भाषा एक, पण तिच्यामधून राजकीय सीमा गेल्यामुळे लेखन दोन झाले. लेसोथोतील मूल ‘लि’ लिहून ‘दि’ वाचते आणि सीमेपलीकडचे मूल ‘दि’ लिहून ‘दि’च वाचते. सीमाभागात आयुष्य काढलेल्या आपल्या श्रोत्यांना याचे वेगळे विवरण करून सांगायला नको.

३. पाच अक्षरांत सात स्वर

आता या ध्वनिव्यवस्थेची आणखी थोडी ओळख करून देतो.

सेत्स्वानात मुख्य स्वर सात आहेत, पण रोमन लिपीने दिलेली स्वराक्षरे पाच. ‘ए’ आणि ‘ओ’ या अक्षरांना प्रत्येकी दोन स्वर वाहावे लागतात, एक मिटलेला आणि एक उघडा. काही लेखनात उघड्या स्वरावर टोपी घालतात, पण एरवी वाचकाने संदर्भावरून ओळखायचे. आपल्या कोंकणी शेजाऱ्यांची अडचण नेमकी हीच आहे. कोंकणीतही ‘ए’ व ‘ओ’ यांचे मिटलेले आणि उघडे असे भेद अर्थभेद करतात आणि देवनागरी ते दाखवीत नाही.

व्यंजनांत अल्पप्राण आणि महाप्राण यांचा भेद मूलभूत आहे. ‘त्लाला’ म्हणजे भूक. त्यातल्या ‘त्ल’वर श्वासाचा जोर दिला की ‘त्ल्हाला’, म्हणजे घटस्फोट देणे. युरोपीय कानांना हा भेद सहज पकडता येत नसे, म्हणून आरंभीच्या लेखनात तो सातत्याने पाळला गेला नाही. ‘क-ख’, ‘त-थ’, ‘प-फ’ ही बाराखडी घोकलेल्या मराठी मुलाला तो पहिल्याच दिवशी ऐकू आला असता. रोमन ‘जी’ या अक्षराचा उच्चार तिथे ‘ग’ नाही, उर्दूतल्या ‘ख़बर’मधल्या घशातल्या ‘ख़’सारखा आहे. म्हणून बोत्स्वानाच्या राजधानीला आपण ‘गाबोरोन’ म्हणतो तेव्हा तिथला माणूस सौजन्याने हसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सूर. सेत्स्वानात उंच आणि नीच असे दोन सूर आहेत, आणि ते अर्थ ठरवतात. ‘बुआ’ एका सुरात म्हटले तर ‘बोलणे’, दुसऱ्या सुरात म्हटले तर ‘जनावराचे कातडे सोलणे’. याहून नाजूक भेद सर्वनामाचा आहे. ‘ओ’ नीच सुरात म्हटला तर ‘तू’, उंच सुरात म्हटला तर ‘तो’. ‘ओ बुआ सेत्स्वाना’ या वाक्याचा अर्थ ‘तू सेत्स्वाना बोलतोस’ की ‘तो सेत्स्वाना बोलतो’, हे केवळ पहिल्या स्वराच्या उंचीवर ठरते. लेखनात दोन्ही वाक्ये हुबेहूब सारखी.

आपल्या परंपरेला सुराचा हा अधिकार अपरिचित नाही. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ केला आणि ‘इन्द्रशत्रु’ या शब्दातील उदात्त चुकीच्या जागी पडला. ‘इंद्राचा घातक’ याऐवजी ‘इंद्र ज्याचा घातक आहे तो’ असा अर्थ झाला आणि वृत्र मारला गेला. ही कथा आमच्या वैयाकरणांनी शतकानुशतके विद्यार्थ्यांना सांगितली. मराठीने उदात्त-अनुदात्त केव्हाच सोडले. सेत्स्वाना बोलणारा मात्र रोजच्या बाजारहाटातही त्वष्ट्याइतकाच सावध असतो.

४. दुभाषा आणि ध्वनिशास्त्रज्ञ

आता कल्पना करा, कोर्टात आरोपी उभा आहे, साक्षीदार सेत्स्वाना बोलतो आहे आणि न्यायाधीशाला इंग्रजीखेरीज काही कळत नाही. साक्षीदार ‘तू’ म्हणाला की ‘तो’, हे दुभाष्याच्या कानावर अवलंबून आहे. एका सुरात एखादा माणूस तुरुंगात जाऊ शकतो. १८९८ पासून माफिकेंगच्या कोर्टात हे काम करणारा तरुण म्हणजे सॉलोमन त्शेकिशो प्लाइकी. डच पद्धतीने लिहिलेले हे आडनाव अक्षरांवरून वाचले तर ‘प्लाटजे’ होते. उच्चार मात्र ‘प्लाइकी’च्या जवळचा आहे. म्हणजे या गृहस्थाच्या नावातच आजचा विषय दडलेला आहे.

प्लाइकींचा जन्म १८७६ चा. शिक्षण किंबर्लीजवळच्या जर्मन मिशनच्या शाळेत झाले, तेही प्राथमिकच. पुढे टपाल खात्यात तार पोहोचवण्याची नोकरी करता करता त्यांनी स्वतःच्या हिमतीवर अभ्यास केला. सेत्स्वाना, सोथो, कोसा, झुलू, डच, इंग्रजी, जर्मन या भाषा त्यांना येत. १८९९-१९०० च्या माफिकेंगच्या २१७ दिवसांच्या वेढ्यात ते शहरातच होते आणि त्या दिवसांची त्यांची रोजनिशी १९७३ साली प्रसिद्ध झाली. कोर्टातील दुभाष्याच्या जबाबदारीवर त्यांनी एक स्वतंत्र निबंधही लिहिला होता. पुढे ते वृत्तपत्रांचे संपादक झाले. त्यांच्या एका पत्राचे नाव ‘त्साला या बाथो’, म्हणजे ‘लोकांचा मित्र’. १९१२ साली स्थापन झालेल्या आणि पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेचे ते पहिले सरचिटणीस होते.

१९१३ च्या भूमी कायद्याने आफ्रिकी लोकांना देशाच्या बहुतांश जमिनीवर खरेदीचा वा खंडाने कसण्याचा हक्क नाकारला. त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी १९१४ साली जे शिष्टमंडळ लंडनला गेले, त्यात प्लाइकी होते. महायुद्ध सुरू झाले, दाद मिळाली नाही. इतर परतले, प्लाइकी १९१७ च्या आरंभापर्यंत तिथेच राहिले. त्या काळात त्यांनी तीन पुस्तके सिद्ध केली आणि तिन्ही १९१६ साली निघाली. पहिले भूमी कायद्याने उघड्यावर पडलेल्या लोकांची हकीकत सांगणारे. दुसरे सेत्स्वाना म्हणींचे, त्यात ७३२ म्हणी आहेत. तिसरे, आपल्या विषयाचे, सेत्स्वाना वाचनपुस्तक, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत छापलेले.

हे तिसरे पुस्तक प्लाइकी आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ध्वनिशास्त्रज्ञ डॅनिएल जोन्स या दोघांचे. १९१५ साली प्लाइकी जोन्स यांच्या वर्गात गेले. तिथे घडलेला प्रसंग त्यांनी प्रस्तावनेत सांगितला आहे. त्यांनी काही सेत्स्वाना वाक्ये उच्चारली, जोन्स यांनी ती ध्वनिलिपीत फळ्यावर लिहिली, आणि ज्यांनी ही भाषा जन्मात ऐकली नव्हती अशा इंग्रज स्त्रियांनी फळ्याकडे पाहून ती वाचली. प्लाइकी थक्क झाले, कारण त्या उच्चारांत परकेपणाचा मागमूस नव्हता. ऐंशीहून अधिक वर्षे मिशनरी ज्या ध्वनींशी झगडत होते, ते दहा मिनिटांत परक्या जिभेवर उतरले होते. आपली भाषा लिहिता येत नाही असे नाही, आजवर ती नीट ऐकली गेली नाही, हे त्यांना त्या क्षणी उमगले असावे.

त्यानंतर दोघांची बैठक सुरू झाली. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे. सूर तपासायचे, पुन्हा बोलायचे. इथे विद्वान आणि ‘माहिती देणारा देशी माणूस’ असे नाते नव्हते. पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

या बैठकांतून शास्त्रालाही मोठे देणे मिळाले. १९१७ साली जोन्स यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे सेत्स्वानाच्या ध्वनिरचनेवर निबंध वाचला. आज ज्याला आपण ‘स्वनिम’ म्हणतो त्या संकल्पनेचे इंग्रजी नाव त्यांनी त्या निबंधात योजले. इंग्रजी ध्वनिशास्त्रात हा शब्द या अर्थाने रुळला तो तिथून. संकल्पना मूळची रशियात काम करणाऱ्या बोदुएँ द कुर्तने यांच्या परंपरेतली, परंतु जोन्स यांच्या हाती ती सेत्स्वानाच्या निमित्ताने कसाला लागली. बोलणाऱ्याच्या मनातला एकच ध्वनी परिसराप्रमाणे दोन रूपांनी उमटतो, हे ‘ल’ आणि ‘द’ यांच्या त्या जुन्या घोळाचे उत्तर. आमच्या विद्यापीठांतून भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाला जो शब्द आम्ही शिकवला, त्याच्या मागे माफिकेंगच्या कोर्टातला एक दुभाषा उभा आहे, हे मला चाळीस वर्षे ठाऊक नव्हते.

५. अक्षरे कोणी ठरवायची?

कथा इथे गोड होऊन संपली असती. तशी ती संपली नाही.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकी भाषांसाठी एकसमान लेखनपद्धती ठरवण्याच्या हालचाली सुरू झाल्या. समित्यांवर मुख्यतः युरोपीय प्राध्यापक, मिशनरी आणि सरकारी अधिकारी होते. हेतू वाईट नव्हता. पुस्तके स्वस्त व्हावीत, शाळांची सोय व्हावी, जवळच्या भाषांचे लेखन एकत्र यावे. प्लाइकींनी याला कडाडून विरोध केला. ध्वनिलिपीचा पुरस्कार करणारा हा माणूस सुधारणेच्या विरुद्ध का गेला, असे काहींना वाटले. पण त्यांचा आक्षेप समजून घेतला पाहिजे. जी भाषा आपण बोलतो तिची अक्षरे ती न बोलणाऱ्यांनी, आपल्याला न विचारता ठरवावीत, हे त्यांना मान्य नव्हते. शेजारच्या भाषांशी मेळ घालताना सेत्स्वानाचे स्वत्व पुसले जाईल ही धास्तीही होती. जोन्स यांनी त्यांना समोर बसवून ऐकले होते. समित्यांनी ऐकले नाही.

प्लाइकी १९ जून १९३२ रोजी वारले. त्यांनी शेक्सपिअरची नाटके सेत्स्वानात आणली होती. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चा अनुवाद १९३० साली त्यांच्या हयातीत निघाला, ‘ज्युलियस सीझर’चा १९३७ साली, मृत्यूनंतर. तो छापताना संहितेवर संपादकाचा हात फिरलेला होता. स्वतःच्या भाषेचा हा साक्षेपी श्रोता स्वतःच्याच पुस्तकाची मुद्रिते तपासायला उरला नव्हता. त्यांचा आवाज मात्र उरला. १९२३ साली त्यांनी लंडनमध्ये काही ध्वनिमुद्रिका दिल्या. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतात समाविष्ट झालेल्या ‘न्कोसी सिकेलेल’ या गीताचे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण त्यांत आहे.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील शाळकरी मुले रस्त्यावर उतरली ती आफ्रिकान्स माध्यमाची सक्ती झाली म्हणून, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १९९६ च्या संविधानात सेत्स्वानाला अधिकृत भाषेचे स्थान मिळाले. ज्या गावाचे नाव इंग्रजांनी ‘माफेकिंग’ लिहिले होते, ते १९८० मध्ये ‘माफिकेंग’ झाले आणि २०१० मध्ये तिथल्या बोलीतील ‘ह’चा मान राखून ‘माहिकेंग’ झाले. खडकांचे ठिकाण, असा त्याचा अर्थ. इंग्रजांना ‘बेळगाव’मधला ‘ळ’ लिहिता आला नाही, म्हणून त्यांनी केलेले रूप आपण दीडशे वर्षे पाट्यांवर वाचले, आणि २०१४ पासून पाटीवर आणखी वेगळे रूप आले. गावाचे नाव कोणत्या कानाने लिहायचे, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नसतो.

६. आपल्या दारात

शेवटी घरचे सांगतो. खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या रानात राहणारे सिद्दी बांधव आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून, मोझांबिकच्या बाजूने, गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. तो बांतू भाषांचा प्रदेश. आज त्यांची घरची भाषा कोंकणीचे एक रूप आहे. गुजरातेतील सिद्दींच्या नृत्याला ‘गोमा’ म्हणतात. स्वाहिलीत ढोलाला आणि नृत्याला ‘न्गोमा’ म्हणतात. आरंभीचे अनुनासिक समुद्र ओलांडताना गळून पडले, शब्द तेवढा उरला. बाकी भाषा गेली. ती लिहून ठेवायला कोणी प्लाइकी नव्हता आणि ऐकायला कोणी जोन्स नव्हता. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना २०२० च्या कायद्याने. भाषा मात्र कोणत्याही कायद्याने परत येत नाही.

नोकरीच्या आरंभी माझ्या वर्गात त्या भागातला एक मुलगा होता. तो ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणे. गुरुजींचे बोट मी उचलले होते, पण त्यांचा कान उचलला नव्हता. मी त्याला भर वर्गात दहा वेळा ‘पाणी’ म्हणायला लावले. पोरे हसली. त्यानंतर त्याने वर्गात मोठ्याने कधी वाचले नाही आणि पुढच्या वर्षी तो आलाच नाही. गुरुजी बोट वर करीत, पण तास संपल्यावर त्या मुलाला जवळ बसवून त्याच्या घरी तो शब्द कसा म्हणतात तेही विचारीत, हे मला फार उशिरा आठवले.

मी स्वतः ज्या प्रमाण मराठीचा अभिमान बाळगतो, तिच्या लिपीतही ‘तो जात आहे’ मधला ‘ज’ आणि ‘माणसाची जात’ मधला ‘ज’ एकाच अक्षरात लिहिले जातात, आणि आपण ते बिनचूक वाचतो, कारण ते आपल्या कानात आहेत. मग दुसऱ्याच्या कानात काय आहे, हे विचारण्याआधी त्याची चूक दाखवण्याची घाई का?

या शाळेतल्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. चूक झाली तर सुधारा, ते आपले कामच आहे. पण सुधारण्याआधी एकदा पूर्ण ऐका आणि घरी काय म्हणतात ते विचारा. गुरुजींचे याहून वेगळे स्मारक मला सुचत नाही.